टिटवीची चार अंडी

मृग तोंडावर आला की सांगोल्याच्या माळावर टिटवीचा आवाज वाढतो. आपण नकळत तिच्या अंड्यांजवळ गेलेलो असतो आणि ती डोक्यावर घिरट्या घालत ओरडत असते. या अंड्यांविषयी आपल्याकडे एक समज आहे. टिटवीने चार अंडी घातली तर पावसाचे चारही महिने चांगले जाणार, तीन घातली तर एक महिना कोरडा जाणार. अंडी उंचवट्यावर असतील तर पाऊस जोराचा, खोलगट जागी असतील तर बेताचा. दरवर्षी मे-जूनमध्ये ही चर्चा पारावर होते, वर्तमानपत्रांतही येते.

आम्ही सांगोला तालुक्यात विज्ञान शिकवतो. एका वर्षी सातवीच्या वर्गात आम्ही हाच विषय काढला. "टिटवीची अंडी कोणी पाहिली आहेत का?" असे विचारले. वर्ग गप्प होता. मग मागच्या बाकावरून आवाज आला, "मी पाहिली. चार असत्यात. टोकं आतल्या बाजूला करून मांडलेली." हा मुलगा पारधी वस्तीवरून येणारा. त्याला आपण इथे राजू म्हणू. हे त्याचे खरे नाव नाही. आम्ही पुढे विचारले, "एवढ्या उन्हात उघड्यावरची अंडी शिजत कशी नाहीत?" राजू म्हणाला, "सर, ती पाण्यावर जाती, पोट भिजवून येती आन् अंड्यांवर बसती."

वर्ग हसला. खरे सांगायचे तर आम्हीही हसलो आणि पुढच्या मुद्द्याकडे वळलो. घरी जाऊन पक्ष्यांवरचे पुस्तक उघडले, तेव्हा कळले की राजूचे बरोबर होते. कडक उन्हाच्या प्रदेशात टिटवी खरोखरच पोटाची पिसे पाण्यात भिजवते आणि ओल्या पोटाने अंड्यांवर बसून त्यांना गारवा देते. पाण्याची वाफ होताना उष्णता शोषली जाते, हे तत्त्व आम्ही त्याच वर्गाला माठाचे उदाहरण देऊन शिकवले होते. तेच तत्त्व राजूने माळावर पाहिले होते. मात्र आदल्या महिन्यातल्या चाचणीत 'पक्ष्यांच्या अधिवासाविषयी थोडक्यात माहिती लिहा' या प्रश्नाखाली त्याने काहीच लिहिले नव्हते आणि आम्ही तिथे शून्य दिले होते.

ज्याला एवढे ठाऊक आहे त्याला शून्य कसे मिळाले? या प्रश्नाचा आम्ही जो शोध घेतला, तो या लेखात मांडत आहोत.

आपल्या वर्गातली ही मुले

'आदिवासी विद्यार्थी' म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर मेळघाट, नंदुरबार किंवा जव्हार येते. सांगोला म्हणजे कमी पावसाचा माळ, माण नदीचे खोरे, डाळिंबाच्या बागा आणि खिलार जनावरांचा बाजार. इथे आदिवासी मुलांची वेगळी शाळा सहसा नसते. फासेपारधी समाज राज्याच्या अनुसूचित जमातींच्या यादीत आहे. पण त्याची मुले इथे साध्या शाळेत, एखाद्या वर्गात एक, एखाद्यात दोन अशी बसतात. त्यांच्याच शेजारी मेंढपाळ धनगर कुटुंबांतली मुले असतात. शासनाच्या वर्गवारीत धनगर समाज भटक्या जमातींमध्ये येतो. या दोन समाजांचा इतिहास, भाषा आणि रोजगार वेगवेगळे आहेत आणि ते एकत्र मिसळणे बरोबर नाही. पण दोन्हीकडच्या मुलांचे बालपण माळावर जाते आणि तिथे ती जे शिकतात त्याला शाळेत जागा नसते. एवढे साम्य त्यांच्यात आहे.

संख्या थोडी असली की अडचण वेगळीच होते. पूर्ण वर्ग आदिवासी मुलांचा असेल तर शिक्षकाला वेगळा विचार करावाच लागतो. एकच मूल असेल तर ते मागच्या बाकावर बसून राहते आणि त्याचे गप्प राहणे आपल्याला 'मंद' वाटू लागते.

बोलता येते, मग लिहिता का येत नाही?

राजू मैदानावर अस्खलित मराठी बोलतो. त्यामुळे त्याला भाषेची अडचण असेल असे आम्हाला वाटलेच नव्हते. पण पारध्यांची घरची भाषा मराठी नाही. तिचे नाते गुजराती, राजस्थानी आणि भिल्ली बोलींशी आहे. राजूसाठी मराठी ही दुसरी भाषा आहे.

दुसऱ्या भाषेचे दोन थर असतात. खेळताना, बाजारात, भांडताना लागणारी भाषा समोरच्या वस्तू, हातवारे आणि चेहरे पाहून कळते. पुस्तकातली भाषा मात्र केवळ शब्दांवर उभी असते; 'अधिवास', 'थोडक्यात', 'कारणे द्या', 'तुलना करा' हे शब्द दाखवायला समोर काही नसते. कॅनडातील अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९८० च्या सुमारास हा फरक स्पष्ट केला. त्यांच्या अभ्यासानुसार बोलण्यापुरती दुसरी भाषा मुलांना साधारण दोन वर्षांत येते. अभ्यासापुरती यायला पाच ते सात वर्षे लागतात. म्हणजे पहिलीत मराठी ऐकू लागलेले मूल सहावी-सातवीपर्यंत दोन ओझी वाहत असते. एक नव्या कल्पनेचे आणि दुसरे नव्या भाषेचे.

शिक्षकांनी हा अनुभव स्वतः घेऊन पाहावा. आपल्याकडे मंगळवेढा आणि जत भागात कानडी बोलणारे पुष्कळ आहेत. एखाद्या कानडी मित्राला प्रकाशसंश्लेषण कानडीतून समजावून सांगायला सांगा. विषय आपल्याला पाठ आहे, तरी दहा मिनिटांत लक्ष उडते. नंतर त्याने "समजले का?" असे विचारले तर आपणही मान डोलावू.

मुलाच्या मातृभाषेला शाळेत जागा असावी, हे आपल्या कायद्यालाही मान्य आहे. संविधानात १९५६ साली घातलेले कलम ३५० क, २००९ चा शिक्षण हक्क कायदा आणि २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण या तिन्हींत तसे म्हटले आहे. सांगोल्यातल्या शिक्षकाला पारधी भाषा येत नाही, हे खरे. पण पुढील गोष्टी करायला ती यावी लागत नाही.

प्रश्न चित्रासह किंवा वस्तू समोर ठेवून विचारावा. उत्तर आधी तोंडी घ्यावे, मग लिहायला सांगावे. प्रत्येक पाठातले पाच-सहा महत्त्वाचे शब्द फळ्याच्या कोपऱ्यात लिहून त्यांना मुलांच्या घरी काय म्हणतात ते विचारावे आणि तेही शेजारी लिहावे. हे शब्द देवनागरीत सहज लिहिता येतात. आम्ही हे सुरू केले, तेव्हा पारधी मुलांबरोबर कानडी आणि तेलुगू घरांतली मुलेही शब्द सांगू लागली. एका झाडाची चार नावे फळ्यावर आली, की शास्त्रज्ञ लॅटिन नावे का वापरतात हे वेगळे समजावावे लागत नाही.

हजेरी या शब्दाचा इतिहास

भाषेइतकीच मोठी दुसरी अडचण आमच्या लक्षात आली, ती एका चुकीमुळे. वर्गात एका मुलीची कंपासपेटी हरवली. कोणी कोणाचे नाव घेतले नाही; पण सगळ्या माना राजूच्या बाकाकडे वळल्या. आमचीही नजर तिकडेच गेली, हे कबूल केले पाहिजे. पेटी दुसऱ्या दिवशी त्या मुलीच्याच घरी सापडली. राजू त्यानंतर बरेच दिवस शाळेत आला नाही. आम्ही वस्तीवर गेलो, तेव्हा त्याची आजी एवढेच म्हणाली, "तिथं बी हजेरी, हितं बी हजेरी."

या वाक्याचा अर्थ कळायला इतिहास पाहावा लागतो. १८७१ साली इंग्रज सरकारने एक कायदा केला. त्याने काही जमाती सगळ्याच्या सगळ्या 'गुन्हेगार' म्हणून जाहीर करता येऊ लागल्या. सुरुवातीला उत्तर हिंदुस्थानात असलेला हा कायदा १९११ पासून मुंबई इलाख्यालाही लागू झाला. पारधी समाजाच्या काही गटांवरही हा शिक्का बसला. शिक्का बसलेल्यांनी ठरावीक वेळी हजेरी द्यायची, परवानगीवाचून गाव सोडायचे नाही. आपल्या सोलापूर शहरात अशा जमातींसाठी तारेच्या कुंपणातली वसाहत होती. लोक तिला 'सेटलमेंट' म्हणत. तिथली अनेक माणसे सोलापूरच्या कापडगिरण्यांत राबली. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला आणि या जमाती 'विमुक्त' झाल्या. कायदा गेला, पण संशय मागे राहिला. सातवीच्या मुलांच्या माना आपोआप मागे वळल्या, त्या याच संशयाने.

वरच्या वर्गातल्या विद्यार्थ्यांना इथे विज्ञानाची बाजूही सांगावी. गुन्हेगारी रक्तातून, पिढीजात धंद्यासारखी येते, ही त्या कायद्यामागची कल्पना होती आणि त्या काळी ती शास्त्रीय वाटत असे. डोळ्यांचा रंग किंवा रक्तगट आनुवंशिक असतो. चोरी आनुवंशिक नसते. एखाद्या समाजातल्या काही माणसांच्या वागण्यावरून जन्माला येणाऱ्या प्रत्येक मुलाविषयी निष्कर्ष काढणे ही नमुन्याचीही चूक आहे आणि तर्काचीही. आनुवंशिकता शिकवताना मटारच्या दाण्यांबरोबर हे उदाहरणही द्यावे.

वर्गापुरता आम्ही एक नियम केला. वस्तू हरवली तर प्रथम ज्याची हरवली त्याने आपले दप्तर आणि घर पाहायचे. मग सर्वांनी, शिक्षकांसह, आपापली पिशवी स्वतः पाहायची. कोणाला काही विचारायचेच असेल तर एकट्याला बाजूला घेऊन विचारायचे. वर्गापुढे कोणाचीही झडती नाही.

घरच्या ज्ञानातून विज्ञानाचा तास

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. मुलाला शाळेत मान मिळावा म्हणून वर्षातून एकदा त्याच्या समाजाचा पोशाख आणि नृत्य स्टेजवर आणणे पुरेसे नाही. त्याला जे ठाऊक आहे ते पाठाच्या सुरुवातीला आले पाहिजे. आम्ही करून पाहिलेले तीन तास असे.

पहिला, दातांचा. सांगोल्याच्या जनावरांच्या बाजारात खोंडाचे वय दातांवरून सांगतात. दुधाचे दात असलेला तो आदत, दोन कायमचे दात आले की दुसा, चार आले की चौसा, मग सहादाती आणि आठही दात आले की जुळलेला. दुसा साधारण दोन वर्षांचा असतो आणि चार-साडेचार वर्षांच्या सुमारास जनावर जुळते. मेंढ्यांचे वयही असेच दातांवरून ओळखतात. वर्गातल्या एका धनगर मुलीने हे सगळे न अडखळता सांगितले. मग आम्ही विचारले, "हे आठ दात वरचे की खालचे?" ती हसून म्हणाली, "वर असत्यातच कुठं?" गाय, मेंढी, शेळी यांच्या वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. तिथे कडक गादी असते आणि खालचे दात त्या गादीवर दाबून गवत तोडले जाते. इथून रवंथ करणाऱ्या प्राण्यांचा पाठ सुरू करता येतो. दुसरीतल्या मुलांच्या तोंडात दात पडण्याचे काम चालूच असते. मोठ्या मुलांनी त्यांचे दात मोजून वयाशी तक्ता केला, की खोंडाची रीत माणसालाही लागू पडते का हे कळते.

दुसरा, पिल्लांचा. तितर, लावा, टिटवी हे जमिनीवर अंडी घालणारे पक्षी. त्यांची पिल्ले अंड्यातून बाहेर येतात तीच उघड्या डोळ्यांनी, अंगावर मऊ लव घेऊन, आणि काही तासांत चालू लागतात. कावळ्याचे, चिमणीचे पिल्लू मात्र उघडे, आंधळे आणि घरट्यातच राहणारे. राजूला हा फरक माहीत होता, कारण मात्र माहीत नव्हते. आम्ही कारण सांगितले नाही. वर्गाला शोधायला लावले. जमिनीवरच्या पिल्लाला कोल्हा, मुंगूस, साप यांच्यापासून पळावे लागते, झाडावरच्या पिल्लाला उंचीचा आधार असतो, इथपर्यंत मुले चर्चेतून पोचली. लवकर चालणाऱ्या पिल्लासाठी अंड्यात जास्त शिदोरी लागते, हे आम्ही जोडले.

तिसरा तास टिटवीच्या भाकिताचा, आणि तो सगळ्यांत महत्त्वाचा. घरच्या ज्ञानाचा आदर करायचा म्हणजे घरचा प्रत्येक समज खरा मानायचा का? मुळीच नाही. माहीत असलेली गोष्ट तपासून घेण्याइतकी ती महत्त्वाची मानणे, हा विज्ञानाच्या तासातला आदर आहे. म्हणून आम्ही विचारले, "टिटवी बहुतेक वेळा चारच अंडी घालत असेल, तर चार अंड्यांवरून पावसाचे काय कळणार?" वर्ग विचारात पडला. "१९७२ च्या दुष्काळाआधी टिटव्यांनी किती अंडी घातली होती, हे कोणी लिहून ठेवले आहे का?" अर्थातच नाही. खरी ठरलेली भाकिते आपल्या लक्षात राहतात, चुकलेली विसरतात. उंचवट्याच्या भाकिताबाबत मात्र मुलांनी चांगला मुद्दा काढला. पाणी साचणारी जागा पक्षी टाळत असेल. पण तो आजची जमीन पाहतो की पुढचा पाऊस ओळखतो, हे नोंदींशिवाय कसे ठरवणार? तेव्हा नोंदींची वही करायचे ठरले.

पोट भिजवण्याची गोष्ट तपासली तेव्हा ती खरी निघाली. चार अंडी आणि चार महिन्यांचा पाऊस, हा मेळ तपासात टिकणे कठीण दिसते. दोन्ही गोष्टींना एकच कसोटी लावली. पुस्तकातल्या विधानालाही आपण हीच कसोटी लावायची, हे मुलांच्या लक्षात यायला हवे.

जपून करण्याच्या गोष्टी

मुलाला त्याच्या समाजाचा प्रतिनिधी करू नये. "तू पारधी ना, मग सांग" असा प्रश्न त्याला पुन्हा वेगळे पाडतो. प्रश्न सगळ्या वर्गाला विचारावा आणि ज्याला माहीत असेल त्याला बोलू द्यावे. प्रत्येक पारधी मुलाला पाखरे ठाऊक असतील आणि प्रत्येक धनगर मुलीला मेंढ्या, असेही नसते.

शिकारीचा विषय निघतोच. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे, हे स्पष्ट सांगावे. मात्र एखाद्याच्या घरात फासे आहेत का, ही चौकशी वर्गात करू नये. पाखराचा माग काढण्याचे, आवाज ओळखण्याचे कौशल्य गणना आणि संरक्षण यांसाठीही तितकेच लागते. आपल्याच जिल्ह्यात नान्नजला माळढोकासाठी अभयारण्य आहे. तिथल्या गवताळ माळावर असे जाणते डोळे किती उपयोगी पडतील याचा विचार करावा.

इतरांनी काय केले

हा विचार आमचा नवा नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला आणि पुढे १९५७ पासून कोसबाडला वारली मुलांसाठी काम केले. गुरे राखणारी मुले शाळेत येत नाहीत, तेव्हा शाळाच त्यांच्या कुरणात गेली. तिला कुरणशाळा म्हणत. सोलापूरच्या शेजारी तुळजापूर तालुक्यात यमगरवाडीला १९९० च्या दशकात पारधी आणि इतर भटक्या-विमुक्त मुलांसाठी निवासी शाळा उभी राहिली. अमेरिकेत ॲरिझोना राज्यात लुईस मोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शिक्षकांना मेक्सिकन कुटुंबांच्या घरी शिकायला पाठवले. शेती, बांधकाम, औषधी वनस्पती, हिशेब असे केवढे ज्ञान त्या घरांत आहे, हे त्यांनी १९९२ साली मांडले. कॅनडातील मिगमाव या मूळ रहिवासी जमातीचे जाणते अल्बर्ट मार्शल यांनी २००४ च्या सुमारास 'दोन डोळ्यांनी पाहणे' अशी कल्पना पुढे आणली. एका डोळ्याने आपल्या लोकांचे ज्ञान पाहायचे, दुसऱ्याने आधुनिक विज्ञान, आणि दोन्ही डोळे मिळून काम करायचे.

आपल्याला एवढे मोठे काही करायला नको. सत्राच्या सुरुवातीला एका संध्याकाळी वस्तीवर किंवा वाड्यावर जावे. तक्रार सांगायला जाऊ नये, विचारायला जावे. कोणते गवत मेंढी खात नाही? पाणी जवळ आहे हे कशावरून कळते? पालकांना शाळेतून बोलावणे येते ते बहुधा तक्रारीसाठीच. शिक्षक काही शिकायला आले, ही गोष्ट मूल विसरत नाही.

पावसाळा सरला की मेंढपाळ कुटुंबे कळप घेऊन निघतात, काही कुटुंबे ऊसतोडीला जातात. अशा मुलाचे नाव पटावरून काढू नये. जिथे जाईल तिथल्या शाळेत बसता यावे म्हणून त्याला शिक्षण हमी पत्रक द्यावे. सोबत एक कोरी वही द्यावी. वाटेत मुक्काम कुठे पडला, कोणाच्या शेतात मेंढ्या बसवल्या, त्या बदल्यात काय मिळाले, पाणी कुठे होते, कोणते नवे गवत दिसले, हे त्याने लिहावे किंवा चितारावे. परत आल्यावर ती वही भूगोलाच्या तासाला वाचावी. गैरहजेरीच्या दिवसांतही मूल शिकत होते, हे मग पटासमोर बसलेल्या शिक्षकालाही दिसते.

पुढच्या मृगासाठी

टिटवीच्या वहीत आम्ही पाच रकाने आखले आहेत: घरटे दिसल्याची तारीख, अंड्यांची संख्या, जागा उंच की खोलगट, पाणी किती अंतरावर, आणि त्या वर्षी मंडळाच्या पर्जन्यमापकावर महिनावार नोंदलेला पाऊस. अंड्यांना हात लावायचा नाही, लांबूनच पाहायचे, टिटवी फार ओरडू लागली की मागे फिरायचे. हे नियम राजूनेच घालून दिले. निष्कर्षाला एक-दोन वर्षांच्या नोंदी पुरणार नाहीत. अनेक गावांच्या, अनेक वर्षांच्या लागतील. म्हणून आपल्याही शाळेत अशी वही सुरू करावी, अशी विनंती आहे.

आमच्या वहीच्या पहिल्या पानावर निरीक्षकांची नावे आहेत. राजूचे नाव पहिले आहे. हे नाव आम्ही लिहिले, तेव्हा त्याने ते दोनदा वाचले आणि आडनावातली वेलांटी चुकली आहे म्हणून दुरुस्त करायला लावली. तीन वर्षे हजेरीपटात आम्ही ते आडनाव चुकीचेच लिहीत आलो होतो.